इंग्रजी शिकवायला शिकायचंय: टीसॉल, उपयोजित भाषाविज्ञान वगैरे पदवी घ्यावी का?

मांजराकाठ
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

लातूर जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात मी सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) इंग्रजी शिकवते. एमए इंग्रजी साहित्यात, सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) झालंय. वाट्याला येतं ते साहित्य नव्हे, बीए-बीकॉम प्रथम वर्षाचं कंपल्सरी इंग्लिश. समोरची सगळी मुलं पहिलीपासून इंग्रजी शिकलेली. (२००० साली रामकृष्ण मोरे सरांनी पहिलीपासून इंग्रजी आणलं. मी स्वतः त्या सुरुवातीच्या तुकड्यांतली.) बारावीला साठ-सत्तर मार्क असतात. पण 'काल संध्याकाळी काय केलंस ते चार ओळींत लिही' म्हटलं की वर्ग गप्प. गाईडमधला आवडत्या नेत्यावरचा निबंध मात्र स्वल्पविरामासकट पाठ.

हे शिकवायचं कसं, ते मला कुणी शिकवलेलंच नाही. एमएला मिल्टन झाला, एलियट झाला, भाषाविज्ञानाच्या एका पेपरात फोनीम-अ‍ॅलोफोनच्या व्याख्या झाल्या. बीएड नाही. इंटरनेटवर शोधलं तर एमए टीसॉल (इतर भाषिकांना इंग्रजी शिकवण्याची पदवी), एमए अप्लाइड लिंग्विस्टिक्स, सेल्टा, डेल्टा, पीजीसीटीई, पीजीडीटीई... वाचून डोकं गरगरलं.

यातलं काय करावं? इथे की बाहेर? आणि करून माझ्या वर्गात काही फरक पडेल, की नुसती नावापुढे अक्षरं वाढतील? घरच्यांचं म्हणणं, पीएचडीला नोंदणी कर आणि गप्प बस.

टवाळ_पोपट
रविवार, रात्री ९:५२

अप्लाइड लिंग्विस्टिक्स म्हणजे लिंग्विस्टिक्सला अप्लाय करून वेटिंग लिस्टवर राहिलेले का? (दिवे घ्या.)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तज्ज्ञ मंडळी येतीलच.

येरवडा_पूल
रविवार, रात्री ११:१५

पोपटराव, आलो.

मांजराकाठ, आधी गठ्ठे वेगळे करू. नावं एकाच घरातली वाटली तरी आतला अभ्यास फार वेगळा आहे. मी डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानात एमए केलं. तिथे भाषा चालते कशी ते शिकवतात. 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली' यात क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे का जातं, यावर आम्ही तासन् तास वाद घातलेत. फार आनंदाचे दिवस होते. पण बीकॉमच्या वर्गात सोमवारी सकाळी काय करायचं, हे सांगणं त्या अभ्यासक्रमाचं कामच नाही. तशी अपेक्षा ठेवून येणारे पहिल्या सत्रातच हिरमुसतात.

उपयोजित भाषाविज्ञानाचा पसारा मोठा. दुसरी भाषा माणूस कशी आत्मसात करतो, भाषेच्या परीक्षा कशा बेतायच्या, कोशरचना, भाषाधोरण, कोर्टातल्या जबाबांचं भाषिक विश्लेषणसुद्धा. इंग्रजी अध्यापन हा त्यातला सगळ्यात पैसेवाला भाग. टीसॉलची पदवी म्हणजे तेवढाच भाग उचलून केलेली व्यावसायिक पदवी, तीत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव असतो किंवा असायला हवा.

तुमचा प्रश्न वाचून मला पिट कॉर्डर आठवला. एडिंबरातला. १९६७ मध्ये त्याने मांडलं की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे निव्वळ गाळायचा कचरा नव्हे. त्याच्या डोक्यात या घडीला भाषेचे कोणते नियम आहेत त्याचा तो पुरावा असतो. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकरने त्या मधल्या अवस्थेला 'इंटरलँग्वेज' म्हटलं: धड मराठी नाही, धड इंग्रजी नाही, पण तिचेही स्वतःचे नियम असतात. हे एवढं कळलं तरी वह्या तपासण्याची पद्धत बदलते. आणि यासाठी पदवी लागत नाही, वाचनालय लागतं.

सोनचाफा
सोमवार, सकाळी ७:३०

धागा वाचनखुणेत साठवला. माझी लेक बारावीनंतर हेच म्हणतेय.

तारनाका
सोमवार, सकाळी १०:०५

इफ्लूवाली (हैदराबादची इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी) आहे, म्हणून आयडी तारनाका. उस्मानियाला लागूनच आमचं आवार. १९५८ साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश म्हणून सुरू झालं ते मुळात भारतातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना तयार करण्यासाठीच. नंतर त्याचं सीफेल झालं आणि २००७ मध्ये केंद्रीय विद्यापीठ. जुने लोक अजून सीफेलच म्हणतात.

ताई, तुम्हाला कडू वाटेल असं आधी सांगते. दुसरं एमए करू नका. प्राध्यापकाच्या जाहिरातीत पात्रता 'संबंधित विषयात' पदव्युत्तर अशी असते. नेटला (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) इंग्रजीचा कोड ३०, भाषाविज्ञानाचा ३१, म्हणजे कागदोपत्री दोन वेगळे विषय. माझ्याबरोबरचा एक हुशार मुलगा भाषाविज्ञानात एमए, नेट, सगळं करून एका कॉलेजच्या इंग्रजी विभागात मुलाखतीला गेला, तर छाननीतच बाद. आयुष्यभर इंग्रजीच्या अध्यापनावर काम केलेला माणूस. त्याच पदावर जो घेतला गेला त्याने शिकवण्यावर एक ओळ वाचलेली नव्हती, पण एमएवर 'इंग्रजी' लिहिलेलं होतं. तुमच्याकडे ते 'इंग्रजी' आहे, सेट आहे. पाया आहे तसाच राहू द्या.

त्यावर आमचं पीजीसीटीई (इंग्रजी अध्यापनाचं पदव्युत्तर प्रमाणपत्र) करा. दूरस्थ होतं. स्वाध्याय घरी लिहायचे आणि संपर्क सत्राला हैदराबादला यायचं. ध्वनिशास्त्र, व्याकरण, अध्यापनपद्धती हे मुख्य विषय. ते झालं की पीजीडीटीई, म्हणजे त्याचीच पुढची पदविका. नोकरी न सोडता जमतं. ध्वनिशास्त्राच्या सत्रात स्वतःचा आवाज ऐकून रडू येतं, तयारी ठेवा.

अप्पा_निवृत्त
सोमवार, दुपारी १२:२०

हे सर्व फॅड आहे. आम्हाला इंग्रजी आठवीपासून होते. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि छडी, एवढ्यावर आमच्या पिढीने बँका चालवल्या, कोर्टे चालवली. मी आजही चुकीशिवाय अर्ज लिहितो. पहिलीपासून शिकवूनही येत नाही याचा अर्थ शिकवणारेच कच्चे आहेत. कोणत्या टीसॉलने सुधारणार?

तारनाका
सोमवार, दुपारी १:१०

अप्पा, नमस्कार. शिकवणारे कच्चे आहेत हेच तर धागाकर्ती म्हणतेय, स्वतःबद्दल! म्हणूनच विचारतेय.

पण एक विचारू? तुमच्या गावात तुमच्याबरोबर पहिलीत बसलेल्यांपैकी आठवीपर्यंत किती पोचले? मॅट्रिकला इंग्रजीत गचकून शेतावर परतलेल्यांची भाषांतर पाठमाला कशी होती, हे आपल्याला कळत नाही, कारण ते इथे प्रतिसाद द्यायला नाहीत. आज ताईंच्या वर्गात त्यांची नातवंडं बसली आहेत. जी पद्धत गाळून उरलेल्यांना पुरली ती सगळ्यांना पुरेलच असं नाही.

अप्पा_निवृत्त
सोमवार, दुपारी १:४५

मुद्दा घेतला. छडीचे मागे घेतो. तर्खडकर मागे घेत नाही.

यॉर्कशायरकर
सोमवार, सायंकाळी ६:३०

मी इंग्लंडात एमए टीसॉल केलं, एक वर्षाचं. विद्यापीठाचं नाव घेत नाही कारण चांगलं बोलणार नाही. वर्गात जवळजवळ सगळ्या चीनमधून पदवी संपवून थेट आलेल्या मुली, शिकवण्याचा अनुभव शून्य. 'तुमच्या वर्गात काय होतं?' असं प्राध्यापकांनी विचारलं की शांतता, आणि मग सगळे माझ्याकडे बघायचे. म्हणून पहिला सल्ला: प्रवेशासाठी शिकवण्याचा अनुभव मागणारा अभ्यासक्रम शोधा. असे थोडे आहेत, पण तिथली चर्चाच निराळी. दुसरं, सराव अध्यापन आहे का ते विचारून घ्या. ब्रिटनमधल्या कितीतरी एमए टीसॉलमध्ये तुम्ही एकाही खऱ्या विद्यार्थ्याला न शिकवता 'अध्यापनात पदव्युत्तर' होता!

फी वीस हजार पौंडांच्या पुढे, राहणं वेगळं. तिकडे राहून ती फेडू म्हणाल तर ऐका. कुशल कामगार व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० पौंडांवर नेली आणि नंतर आणखी चढवली. खाजगी भाषाशाळेतल्या शिक्षकाला एवढा पगार कोण देतो? माझ्या बॅचमधलं इंग्रजी शिकवायला इथे कुणीच राहिलेलं नाही. मी राहिलो, पण आता विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात फॉर्म तपासतो.

एक बरं झालं, जुलै २०२२ मध्ये दोन्ही सरकारांचा करार होऊन ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सला भारतात समकक्ष मानायचं ठरलं. आमच्या वेळी त्यावरूनच कोंडी व्हायची.

टवाळ_पोपट
सोमवार, सायंकाळी ६:४१

म्हणजे पोपटाची शंका बरोबर होती. अप्लाइड म्हणजे शेवटी अर्जच.

मांजराकाठ
सोमवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. अप्पा, माझ्या आजोबांकडेही तर्खडकर होते.

यॉर्कशायरकर, वीस हजार पौंड ऐकून विषय संपला. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारखी शिष्यवृत्ती मिळत असेल तरच.

यॉर्कशायरकर
सोमवार, रात्री १०:००

चेव्हनिंग जरूर भरा, सगळा खर्च मिळतो. दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, तोही तासांत: २,८०० तास. आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं भारतात परतायची अट. ज्यांना परतायचंच आहे त्यांना ती अट नव्हेच.

सीएचबी_पीडित
सोमवार, रात्री १०:२२

२,८०० तास!! सीएचबीचे तास कॉलेज मांडतं त्या हिशेबाने मोजले तर निवृत्त होता होता अर्ज भरता येईल.

फ्लॅगस्टाफ
मंगळवार, पहाटे ४:५०

अमेरिकेतून. थोडं लांबेल.

इथे एमए टीसॉल दोन वर्षांचं आणि शिकायची खरी सोय टीए मिळाली तर. टीए म्हणजे अध्यापन साहाय्यकाची जागा: फी माफ, थोडं मानधन आणि बदल्यात तुम्ही विद्यापीठात नव्याने आलेल्या परदेशी मुलांना इंग्रजी लेखन शिकवायचं. ज्या दिवशी शिकता त्याच दिवशी शिकवता. पण हे सगळीकडे नाही, म्हणून विभाग निवडताना त्याचा स्वभाव बघा. नॉर्दर्न अ‍ॅरिझोना कॉर्पससाठी (खऱ्या भाषेच्या नमुन्यांचे संगणकीय साठे) प्रसिद्ध (डग्लस बायबर तिथलेच), आयोवा स्टेट तंत्रज्ञान आणि चाचण्यांसाठी, पेन स्टेट सामाजिक-सांस्कृतिक सिद्धान्तासाठी. इलिनॉयला ब्रज कचरू होते. काश्मीरचे, काही काळ आपल्या डेक्कन कॉलेजातही होते. १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं (मातृभाषा, दुसरी भाषा आणि परकी भाषा म्हणून वापरणारे देश) त्यांनी मांडली आणि भारतीय इंग्रजी ही बिघडलेली इंग्रजी नसून तिचं स्वतःचं घर आहे, हे परदेशी विद्यापीठांत बोलणं शक्य झालं. मराठीच्या व्याकरणावर काम केलेल्या राजेश्वरी पंढरीपांडेही इलिनॉयच्याच.

नोकरीचं चित्र मात्र उदास. विद्यापीठांचे इंटेन्सिव्ह इंग्लिश प्रोग्राम बरेचसे सौदी सरकारच्या शिष्यवृत्तीवर चालायचे. २०१६ च्या सुमारास ती आखडली आणि एकेक प्रोग्राम बंद पडत गेला. कम्युनिटी कॉलेजात तासांवर काम मिळतं. होय, सीएचबी इथेही आहे, त्याला अ‍ॅडजंक्ट म्हणतात आणि दोन-तीन कॉलेजांत गाडी पळवत शिकवावं लागतं. टीसॉल स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नसल्याने पदवीनंतर कामाची परवानगी १२ महिन्यांची. शाळेत शिकवायचं तर राज्याचा परवाना वेगळा, तो एमए टीसॉलने आपोआप मिळत नाही. इकडे येणाऱ्या निम्म्यांना हे विमानात बसल्यावर कळतं.

वय २९ च्या आत असेल तर फुलब्राइटची (अमेरिकी सरकारची शिष्यवृत्ती) एफएलटीए आहे. नऊ महिने अमेरिकी विद्यापीठात हिंदी-उर्दूसारखी भाषा शिकवायची. पदवी मिळत नाही. पण आपली भाषा परक्याला शिकवून बघणं हा इंग्रजीच्या शिक्षकाला मिळू शकणारा सगळ्यात चांगला धडा.

मांजराकाठ
मंगळवार, सकाळी ७:१०

२९ उलटले. चला, एक पर्याय आपोआप कमी.

मस्कतवाला
मंगळवार, सकाळी ११:००

कुणी सेल्टावर (केंब्रिजचं इंग्रजी शिक्षकांचं प्रमाणपत्र) बोललं नाही म्हणून लिहितो. १२० तास, त्यात सहा तास प्रत्यक्ष शिकवणं आणि मागे बसून परीक्षक टिपणं काढतोय. आता ऑनलाइनही होतं. सिद्धान्त फारसा नाही, पण अंगातली खोडी काढतात. माझी खोडी होती 'अंडरस्टूड?' विचारण्याची. पहिल्याच दिवशी बंदी आली. मुलं नेहमी 'येस सर' म्हणतात, त्याने काही कळत नाही. समजलं का ते कळावं असा प्रश्न विचारायचा. 'आय हॅव लिव्ड इन मस्कत फॉर टेन इयर्स' हे शिकवलं तर 'अजून राहतो का?' विचारा. उत्तरात सगळं येतं. बारा वर्षं शिकवून मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आखातात सेल्टाला भाव आहे. पण जाहिरातीत 'नेटिव्ह स्पीकर' लिहिलं की आपला अर्ज टोपलीत. टीसॉल याच नावाच्या शिक्षकांच्या संस्थेनेच २००६ मध्ये या भेदभावाविरुद्ध ठराव केला. जाहिरात देणाऱ्यांनी तो वाचलेला नाही. माझ्या शेजारच्या वर्गात शिकवणारा मँचेस्टरचा गडी, पदवी इतिहासात, पगार माझ्या दीडपट. त्याला प्रेझेंट परफेक्ट कधी वापरायचा ते विचारलं तर म्हणाला, 'इट जस्ट साउंड्स राइट.' त्याच्या विद्यार्थ्यांना पुढचं मीच समजावतो.

सिलिकॉन_साळू
मंगळवार, दुपारी २:३०

हलकेच घ्या, पण पाच वर्षांनी इंग्रजी शिकवायची गरज राहील का? चॅटजीपीटी मराठीत सांगितलेलं इंग्रजीत लिहून देतो. मुलांना तेच शिकवा.

सीएचबी_पीडित
मंगळवार, दुपारी २:५५

माझ्या वर्गातल्या पोरांना कुणी शिकवावं लागलं नाही. स्वाध्यायात 'अ‍ॅज अ लँग्वेज मॉडेल' सकट छापून आणतात.

झेडपी_गुरुजी
मंगळवार, रात्री ८:१०

माझ्याकडे यातली एकही पदवी नाही. डीएड आणि बीए. पण २०१६ च्या आसपास शासन, टाटा ट्रस्ट आणि ब्रिटिश कौन्सिलचा तेजस प्रकल्प आमच्याकडे आला. आसपासच्या शाळांतले शिक्षक ठरावीक दिवशी जमायचे. कुणीतरी एक कृती करून दाखवायची, बाकीच्यांनी ती आपल्या वर्गात करून बघायची आणि पुढच्या बैठकीत काय फसलं ते सांगायचं. पहिल्या बैठकींना आम्ही सगळे चहा आणि सही यासाठी गेलो, खोटं कशाला बोलू. नंतर चटक लागली. कारण आमच्या नोकरीत 'माझा तास आज फसला' असं दुसऱ्या शिक्षकासमोर म्हणायची सोयच नव्हती. अधिकारी विचारणार म्हणून सगळ्यांचे तास कायम यशस्वी.

मॅडम, पदवी घ्या, नाही कोण म्हणतंय? पण तालुक्यातले कंपल्सरी इंग्लिशवाले चार-पाच जण गोळा करा आधी. फुकट आहे.

तारनाका
मंगळवार, रात्री ९:००

गुरुजी, +१००.

सोमवारी सकाळसाठी काहीतरी हवं असेल तर प्रभूंचा बंगलोर प्रकल्प वाचा. एन. एस. प्रभू, १९७९ ते ८४. दक्षिण भारतातल्या साध्या शाळा, मोठे वर्ग, साधन म्हणजे खडू-फळा. व्याकरण शिकवायचंच नाही. मुलांना विचार करायला लागेल असं काम द्यायचं: गाड्यांचं वेळापत्रक, नकाशा. 'सकाळी अकराला मद्रासला पोचायचं तर कोणती गाडी?' लक्ष उत्तराकडे, इंग्रजी वाटेत आत्मसात होते असा दावा. आज जगभर टास्क-बेस्ड म्हणून जे चालतं त्याचं एक मूळ इथलं आहे. आणि आपले लोक ते पाश्चात्त्य फॅड म्हणून नाकारतात. (अप्पा, तुमच्याकडे बघत नाहीये.)

अप्पा_निवृत्त
मंगळवार, रात्री ९:२०

बघितले तरी चालेल.

मांजराकाठ
शुक्रवार, सायंकाळी ७:३०

वेळापत्रक करून बघितलं. लातूर स्टेशनच्या गाड्या फळ्यावर लिहिल्या. 'तुझा सोमवारी सकाळी दहाला दादरला इंटरव्ह्यू आहे, पैसे इतके, कशी जाशील? इंग्रजीत लिहून दे.' गटांत बसवलं. अर्ध्या तासात इतका कल्ला झाला की शेजारच्या वर्गातून अर्थशास्त्राचे सर बघायला आले. ट्रॅव्हल्सने जावं की रेल्वेने यावर दोन गटांत खरंखुरं भांडण. एकीने तर 'आदल्या दिवशी मामाकडे कल्याणला उतरीन' असा तिसराच मार्ग काढला.

पण सगळं भांडण मराठीत. शेवटी कागदावर इंग्रजी आलं, तुटकं, पण स्वतःचं. गाईडमधलं एकही वाक्य नाही. प्रश्न असा, की मराठीतच भांडली तर इंग्रजी नेमकी कधी शिकली?

सिलिकॉन_साळू
शुक्रवार, सायंकाळी ७:५०

तेच म्हणतेय. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं की दंड होता. कडक होतं, पण इंग्रजी आलं.

येरवडा_पूल
शुक्रवार, रात्री १०:३०

साळू, घरी, टीव्हीवर, सोसायटीच्या खेळात इंग्रजी होतं म्हणून दंड परवडला. जिथे इंग्रजी फक्त तासापुरती असते तिथे मराठी बंद केली की मुलं इंग्रजीत बोलत नाहीत, गप्प बसतात. धागाकर्तीच्या वर्गाचं मूळ दुखणं तेच आहे.

मांजराकाठ, प्रभूंच्या प्रकल्पावरही नेमका हाच आक्षेप घेतला गेलाय: कामाचं उत्तर मिळालं की मुलांना पुरतं, भाषेचा आकार सुधारायचा दाब कुठून येणार? म्हणून विचार मराठीत झाला तरी चालेल, पण शेवटचा टप्पा इंग्रजीत आणि सगळ्यांसमोर ठेवा. गटाने उभं राहून आपला मार्ग सांगायचा, दुसऱ्या गटाने त्यातली खोट काढायची. ऐकणारा समोर असला की माणूस वाक्य नीट करतो. त्यानंतर त्यांच्याच कागदांतली पाच-सहा वाक्यं नाव न लिहिता फळ्यावर घ्या आणि व्याकरण तिथे शिकवा. प्रभू नाराज होतील, होऊ देत.

आणि ते कागद फेकू नका! तारीख घालून ठेवा. महिन्याला एक लेखन, वर्षभर. 'ए' आणि 'द' कुठे गळतात, कुठे नको तिथे येतात, सत्राच्या शेवटी काय बदललं. मराठीत उपपदं नाहीत म्हणून ती गळणार हे कुणीही सांगेल. पण ती कुठे गळत नाहीत, ते बघण्यासारखं असतं. अशा मुलांच्या लिखाणाचा साठा परदेशातल्या विभागाकडे नाही. घरचे पीएचडी म्हणतात ना? विषय तुमच्या कपाटात तयार होईल. गाईड मात्र अध्यापनावर काम करणारा शोधा, नाहीतर तुमच्याकडूनही एलियटमधली मृत्युकल्पनाच लिहून घेतील.

फ्लॅगस्टाफ
शनिवार, पहाटे ५:१५

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. एकच भर: मुलांची लेखी संमती आत्ताच घ्या, दोन ओळींची, मराठीत. नंतर पास होऊन पांगली की शोधत बसावं लागतं, आणि संमतीशिवाय तो साठा कुठल्याही नियतकालिकाला देता येत नाही.

मांजराकाठ
रविवार, रात्री ९:००

ठरलं तसं लिहिते. बाहेर जाणं आत्ता नाही. चेव्हनिंगचा अर्ज पुढच्या फेरीला भरेन, तास कसे मोजायचे ते सीएचबी_पीडित आणि मी मिळून बघू. पीजीसीटीईची सूचना निघाली की फॉर्म भरते. तालुक्यातल्या दोन मॅडमना फोन केला, एक हो म्हणाल्या, एक म्हणाल्या 'मानधन किती?' संमतीपत्राचा मसुदा केलाय, येरवडा_पूल, व्यनि (खाजगी निरोप) केला आहे, बघाल का?

घरच्यांना सांगितलंय की हे पीएचडीचंच चाललंय.

तारनाका
रविवार, रात्री ९:३५

संपर्क सत्राच्या तारखा परीक्षेच्या कामाशी टक्कर घेतात, प्राचार्यांना आधीच लेखी कळवून ठेवा. आणि सीएचबीवर असाल तर त्या दिवसांचं मानधन बुडेल, ते धरूनच हिशेब करा.

अप्पा_निवृत्त
रविवार, रात्री ९:५०

त्या कल्याणच्या मामाकडे उतरणाऱ्या मुलीला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

वायर_आणि_वाक्य
सोमवार, सकाळी ८:०५

धागा आत्ताच वाचला. मी बीई मेकॅनिकल, सहा वर्षं पुण्यात कंपनीत. इंग्रजी बरं आहे. मला एमए टीसॉल करून जपान-कोरियाला जायचंय. चालेल का?

मस्कतवाला
सोमवार, सकाळी ८:४०

कोरियाच्या इंग्रजी शिक्षकाच्या व्हिसाला मुळात सात देशांचेच पासपोर्ट चालतात. भारतीयांना दोन्ही देशांच्या करारामुळे दार किलकिलं आहे, पण शिक्षक म्हणून पात्रतेचा कागद लागतो. मेकॅनिकलवर नाही होणार. नवा धागा काढा, सविस्तर लिहितो.

टवाळ_पोपट
सोमवार, सकाळी ८:४२

शीर्षक सुचवतो: 'मीही अप्लाइड'.